टाकी फुल केल्यावर गाडी घुटमळते? पर्ज व्हॉल्व्ह आणि चारकोल कॅनिस्टर घेण्याआधी हे वाचा

पंपावर टाकी फुल केली, किल्ली फिरवली आणि सेल्फ लांबला. इंजिन सुरू झालं तेही मिसिंग करत. ॲक्सिलरेटर जरा दाबून धरल्यावर सावरलं आणि दोन मिनिटांत काही झालंच नाही अशी गाडी पळू लागली. टाकी अर्धी असताना मात्र सुरू होण्याची तक्रार नाही. पेट्रोल गाडीत हे लक्षण इतकं ठरलेलं आहे की ऐकताक्षणी हात पर्ज व्हॉल्व्हकडे, म्हणजे टाकीतली वाफ इंजिनात सोडणाऱ्या छोट्या झडपेकडे जायला हवा. प्रत्यक्षात प्लग बदलले जातात, इंजेक्टर साफ होतात, फ्युएल पंप उतरवला जातो आणि शेवटी ती वाफ साठवणारा अख्खा चारकोल कॅनिस्टर बदलायला सांगितला जातो. तो व्हॉल्व्हच्या कित्येक पट महाग असतो आणि बहुतेक वेळा निर्दोष असतो.

मत आधीच सांगून टाकतो. पर्ज व्हॉल्व्ह गाडीच्या कंपनीच्या डब्यातला किंवा तो व्हॉल्व्ह बनवणाऱ्या मूळ उत्पादकाच्या डब्यातला, दोन्ही उत्तम. बिननावाची नक्कल घेऊ नका. कॅनिस्टर फक्त नवा आणि कंपनीचाच, पण आत पेट्रोल शिरल्याची किंवा कोळसा फुटल्याची खात्री झाल्यावरच. भंगारातला कॅनिस्टर कधीही नाही. आणि ‘कॅनिस्टर क्लीनिंग’ नावाची जी सेवा बिलात चढवली जाते, तिला एक रुपयाही देऊ नका. कारणं पुढे येतील, पण आधी ही यंत्रणा चालते कशी ते पाहू, नाहीतर निवड कळणार नाही.

पेट्रोल तापलं की त्याची वाफ होते, आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर असताना उन्हात उभ्या गाडीच्या टाकीत ती भरपूर होते. टाकी घट्ट बंद ठेवली तर दाब वाढेल, उघडी ठेवली तर वाफ हवेत जाईल. म्हणून टाकीच्या माथ्यावरून एक नळी काळ्या प्लास्टिकच्या डब्यात नेलेली असते. हाच चारकोल कॅनिस्टर. त्याला तीन तोंडं: एक टाकीकडून येणारं, एक इंजिनकडे जाणारं, एक बाहेरच्या हवेला उघडं. आत सक्रिय कोळशाच्या दोनेक मिलिमीटर जाडीच्या कांड्या भरलेल्या असतात. अशा कोळशाच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. वाफ त्या छिद्रांत चिकटते आणि उघड्या तोंडातून जवळपास स्वच्छ हवा बाहेर पडते.

कोळसा भरला की तो रिकामाही करावा लागतो. इंजिन गरम होऊन गाडी चालू लागली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, पर्ज व्हॉल्व्ह उघडतो. मॅनिफोल्डमधल्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधल्या) व्हॅक्यूममुळे बाहेरची हवा उघड्या तोंडातून आत येते, कोळशातून जाताना वाफ सोबत घेते आणि इंजिनात जळते. हे काम थोडक्या हवेत होत नाही. चाचणीसाठी कॅनिस्टर पूर्ण रिकामा करायचा तर त्याच्या आकारमानाच्या ३०० पट हवा त्यातून ओढतात, म्हणजे एक लिटर कोळशाला ३०० लिटर हवा. रोज दीड-दोन किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या गाडीचा कॅनिस्टर कायम भरलेला का राहतो, हे यावरून लक्षात येईल. अशा गाडीला आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग मोकळ्या रस्त्यावर चालवणं ही कॅनिस्टरची सगळ्यात चांगली आणि फुकटची सर्व्हिस आहे.

पर्ज व्हॉल्व्ह हा सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या कॉइलने उघडणारी छोटी झडप. वीज नसताना तो बंद असला पाहिजे, ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ईसीयू त्याला पूर्ण उघडून ठेवत नाही, सेकंदाला साधारण दहा-वीस वेळा उघडझाप करतो आणि गरजेनुसार उघडं राहण्याचा काळ कमी-जास्त करतो. बॉनेट उघडून गरम इंजिनजवळ कान दिला तर बारीक टिकटिक ऐकू येते ती हीच. टॅपेटचा आवाज समजून लोक काळजी करतात. नळीवर बोट ठेवा, ठोका बोटाला लागतो. तो निरोगीपणाचा आवाज आहे.

आता सुरुवातीचं लक्षण. व्हॉल्व्ह पूर्ण बसेनासा झाला की तो कायम थोडा उघडा राहतो. पेट्रोल भरताना टाकीतली दाट वाफ ढकलली जाते, कॅनिस्टरमधून उघड्या व्हॉल्व्हपर्यंत पोचते आणि मॅनिफोल्डमध्ये साठते. त्यात इंजेक्टरचं पेट्रोल मिसळलं की मिश्रण अति दाट होतं आणि इंजिन पकडत नाही. कॅनिस्टर रिकामा असताना हाच व्हॉल्व्ह उलट वागतो. नुसती हवा आत सोडतो, मिश्रण पातळ होतं आणि आयडलिंग वरखाली होतं. एकाच दोषाची अशी दोन तोंडं असल्यामुळे निदान चुकतं. स्कॅनर लावून शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू त्या क्षणी पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा, पाहिला तर टाकी फुल केल्यावर तो उणे बाजूला आणि इतर वेळी आयडलिंगला अधिक बाजूला दिसतो. कॅनिस्टरकडची नळी काढून व्हॉल्व्हचं तोंड बोटाने बंद केल्यावर ट्रिम शून्याकडे आला, तर चोर सापडला.

आणि चेक इंजिन दिव्याची वाट पाहू नका. भारतातल्या नियमांत या यंत्रणेवर किमान व्हॉल्व्हचं विजेचं सर्किट तपासण्याचं बंधन आहे. वायर तुटली किंवा कॉइल जळली तर पी०४४३, पी०४४४ किंवा पी०४४५ असा कोड येईल. पण व्हॉल्व्ह किंचित उघडा अडकला किंवा नळीला चीर गेली तर अनेक गाड्यांत दिवा लागतच नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांची गोष्ट वेगळी. तिथली गाडी स्वतःच गळती तपासते आणि ०.०२० इंचाचं, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचं भोकही पकडते. तिथे पी०४५५ किंवा पी०४५६ हा गळतीचा कोड आला तर आधी टाकीचं झाकण नीट फिरवा, त्याची रबरी रिंग पाहा आणि मगच गॅरेज गाठा.

पर्ज व्हॉल्व्हच्या पर्यायांकडे येऊ.

कंपनीच्या डब्यातला भाग सगळ्यात निर्धोक, कारण पार्ट नंबर जुळला की बाकी काही पाहावं लागत नाही. मात्र हे व्हॉल्व्ह गाडी बनवणाऱ्या कंपन्या सहसा स्वतः तयार करत नाहीत. बॉश, गुरुग्रामची पद्मिनी व्हीएनए असे उत्पादक ते पुरवतात. जुन्या व्हॉल्व्हच्या अंगावर उत्पादकाचं नाव आणि नंबर कोरलेला किंवा छापलेला असतो. कापडाने पुसून टॉर्चच्या उजेडात वाचा. त्याच नंबराचा, त्याच उत्पादकाचा भाग दुकानात मिळाला तर तो तितकाच चांगला आणि बहुधा स्वस्त.

नक्कल दिसायला हुबेहूब असते, प्लगही बसतो. फसवणूक आत असते. पहिली गोष्ट प्रवाहाची. ईसीयूच्या हिशोबात ठरावीक उघडझापीला ठरावीक हवा जाते असं धरलेलं असतं. नकली व्हॉल्व्हमधून जास्त हवा गेली तर पर्ज चालू होताच गाडी हलका झटका देते, सिग्नलला थांबल्यावर आरपीएम डगमगतो. दुसरी गोष्ट आतल्या रबरी सीटची. पेट्रोलची वाफ, त्यात आता २० टक्के इथेनॉल, आणि इंजिनाची धग हे सगळं सोसणारं रबर महाग असतं. स्वस्त रबर फुगतं किंवा कडक होतं आणि व्हॉल्व्ह पुन्हा गळू लागतो. चांगल्या व्हॉल्व्हच्या कॅनिस्टरकडच्या तोंडात अनेकदा बारीक जाळी असते, नकलेत ती गाळलेली सापडते.

काउंटरवरच तीन गोष्टी करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. व्हॉल्व्हच्या तोंडाला स्वच्छ नळी लावून फुंका, हवा अजिबात जाता कामा नये. मल्टिमीटरने दोन पिनांमधला रोध मोजा. बहुतेक गाड्यांत तो २० ते ३५ ओहमच्या दरम्यान असतो, नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला धरा. मग १२ व्होल्ट द्या. टक् असा स्वच्छ आवाज येऊन हवा मोकळी गेली पाहिजे आणि वीज काढताच पुन्हा बंद झाली पाहिजे. वीज दोन-तीन सेकंदांच्या वर देऊ नका, आणि वायरीत एक-दोन अँपिअरचा फ्यूज ठेवा. काही व्हॉल्व्हवर धन-ऋण खूण असते, ती पाळा. हातपंपाने व्हॅक्यूम देण्याची सोय असेल तर अजून चांगलं. काटा मिनिटभर जागेवर राहिला पाहिजे.

भंगारातला, म्हणजे कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारातला पर्ज व्हॉल्व्ह या तिन्ही चाचण्या पार करत असेल आणि नंबर जुळत असेल तर अडीनडीला चालेल. नकलेपेक्षा तो बरा. कॅनिस्टरबाबत मात्र ही सूट नाही, कारण डब्याने काय भोगलंय ते बाहेरून दिसत नाही.

कॅनिस्टर मरतो तो वयाने नव्हे, पंपावर. नोझलच्या टोकाला एक छोटं छिद्र असतं. टाकी भरत आली की टाकीतला फ्लोट व्हॉल्व्ह वर उचलला जाऊन वाफेची वाट बंद होते, दाब वाढतो, पेट्रोल नळकांड्यात चढतं, त्या छिद्राला झाकतं आणि नोझल टक् करून बंद होतं. वर राहिलेली जागा रिकामी ठेवलेली असते ती मुद्दाम, पेट्रोल तापून फुगलं तर मावावं म्हणून. मग पंपावरचा मुलगा विचारतो, “साहेब, राउंड फिगर करू?” आणि थेंबथेंब करत अजून लिटर-दीड लिटर आत जातं. कोणी गाडी हलवून हवा काढतं. दुपारी ऊन चढलं की तेच पेट्रोल फुगतं, आणि चढावर किंवा वळणात हिंदकळून वाफेच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये शिरतं. कोळसा वाफेसाठी आहे, द्रवासाठी नाही. द्रव पेट्रोलने छिद्रं गच्च होतात, ओल्या कांड्या एकमेकींवर घासून झिजतात, त्यांची काळी भुकटी होते. पहिल्या टक् ला नोझल बाहेर. पैसे राउंड करायचे असतील तर आधी रक्कम सांगून भरा.

या काळ्या भुकटीमुळेच एक महागडी चूक होते. भुकटी पर्जच्या नळीतून व्हॉल्व्हच्या सीटवर येऊन बसते आणि व्हॉल्व्ह गळू लागतो. नवा व्हॉल्व्ह टाकला की काही आठवडे गाडी छान चालते, मग तीच तक्रार परत. दोष नव्या व्हॉल्व्हचा नसतो. म्हणून जुना व्हॉल्व्ह काढल्यावर तो पांढऱ्या कागदावर आपटून पाहा. काही पडलं नाही तर फक्त व्हॉल्व्ह बदला. काळी पूड पडली तर कॅनिस्टरही बदलावा लागेल, आणि दोहोंमधली नळी सोडवून, दोन्ही टोकं मोकळी ठेवून, हलक्या हवेने साफ करावी लागेल. माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वात मोलाची चाचणी हीच आहे, आणि तिला लागतो फक्त एक कागद.

कॅनिस्टर उतरवला असेल तर हातात घेऊन हलवा. आतून चुळचुळ आवाज आला, तोंडातून द्रव पेट्रोल ठिबकलं, किंवा त्याच आकाराच्या नव्यापेक्षा वजन भलतंच जास्त लागलं, तर तो गेला. पेट्रोलचा वास येणं हा दोष नाही, तो तर त्याचा धंदाच आहे. टाकीकडच्या तोंडातून फुंकर मारल्यावर, इंजिनकडचं तोंड बंद ठेवून, हवा उघड्या तोंडातून सहज बाहेर पडली पाहिजे. ही फुंकर तोंडाने नव्हे, हातपंपाने मारा.

‘क्लीनिंग’ला इतका विरोध का, तेही सांगतो. कॅनिस्टरमध्ये थ्रॉटल बॉडी क्लीनर मारला तर कोळसा तो द्रव शोषून घेतो आणि आहे ती क्षमताही जाते. कंप्रेसरची जोराची हवा मारली तर कांड्या फुटतात, आतल्या फोमच्या गाळण्या सरकतात. काही जण डबा कापून पाण्याच्या फिल्टरचा किंवा माशांच्या टाकीचा कोळसा भरतात. तो बहुधा नारळाच्या करवंटीचा, फार बारीक छिद्रांचा असतो. वाफ पकडतो खरा, पण साध्या हवेच्या झोतात सोडत नाही. पर्जचं काम त्यात होऊच शकत नाही. कॅनिस्टरमध्ये साफ करण्यासारखी एकच जागा आहे: बाहेरच्या हवेच्या तोंडावरची गाळणी. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी गेली की तिथे चिखल बसतो. कुंभारीण माशीही या नळीत मातीचं घर करते. २०११ साली अमेरिकेत माझ्दा कंपनीला माझ्दा-६ गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, कारण एका जातीचे कोळी याच हवेच्या नळीत जाळं विणत होते. वाट बंद झाली की टाकीत व्हॅक्यूम तयार होऊन टाकीला तडा जाण्याची भीती होती. आपल्याकडे याचं लक्षण सोपं आहे. पंपावर टाकी अर्धी असतानाही नोझल वारंवार टक् करून बंद पडतं, आणि झाकण उघडताना हवा जोरात आत ओढली जाते. थोडासा फुस्स आवाज मात्र नैसर्गिक आहे.

बसवण्याचं काम. व्हॉल्व्हला पंधरा-वीस मिनिटं, कॅनिस्टर गाडीखाली असेल तर लिफ्टवर तासभर. इंजिन थंड, गाडी मोकळ्या हवेत, बॅटरीचं ऋण टर्मिनल सोडलेलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खड्ड्यात साठते, आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली तरी पेट घेऊ शकते. सर्व्हिस पिटमध्ये हे काम करू नका, जवळ पिवळा बल्ब लोंबकळवू नका. जुन्या नळ्या तोंडाला चिकटलेल्या असतात. पकडीने ओढलं तर प्लास्टिकचं तोंड तुटतं. नळी आधी जागच्या जागी फिरवून सुटी करा, मग ओढा. नळीचं टोक फाटलं आणि लांबी पुरेशी असेल तर एक सेंटिमीटर कापून पुन्हा चढवा. बदलायची असेल तर इंधनाच्या वाफेसाठीचीच नळी घ्या. साधी पाण्याची पारदर्शक नळी काही महिन्यांत दगडासारखी होते आणि तडकते. व्हॉल्व्हवरचा बाण प्रवाहाची दिशा दाखवतो, तो इंजिनकडे. ओ-रिंगला इंजिन ऑइलचा एक थेंब. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर पर्जच्या नळीत कुठे टी (तीन तोंडांचा जोड) मारून व्हॅक्यूम घेतलाय का तेही पाहून घ्या. तिथली सैल क्लिप हाच दोष हुबेहूब दाखवते.

टर्बो गाडीत एक पायरी वाढते. टर्बो दाब देत असताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नसतो, म्हणून पर्जची दुसरी वाट टर्बोच्या आधीच्या हवेच्या पाइपात दिलेली असते आणि दोन्ही वाटांवर एकेरी झडपा असतात. मॅनिफोल्डकडची झडप गेली तर टर्बोचा दाब उलटा कॅनिस्टरवर येतो. तेव्हा नुसता व्हॉल्व्ह न बदलता प्रत्येक झडपेतून दोन्ही बाजूंनी फुंकून पाहा. एकीकडून गेली पाहिजे, दुसरीकडून नाही.

सगळं बदलूनही पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास राहिला तर स्मोक टेस्ट, म्हणजे धूर सोडून गळती शोधण्याची चाचणी, करून घ्या. ही सेवा पैसे देण्यासारखी आहे, अट एवढीच की मशीन इंधन यंत्रणेसाठीचं, कमी दाबाचं असावं. दाब अर्धा पीएसआय पुरे, एकच्या वर नको. गॅरेजची टायरची हवा थेट लावू देऊ नका, टाकीचे सांधे उघडतील. टाकी फुलही नसावी आणि अगदी रिकामीही. व्हॉल्व्हकडचं टोक आणि कॅनिस्टरचं हवेचं तोंड बंद करून धूर सोडला की चीर कुठे आहे ते टॉर्चच्या झोतात दिसतं. बहुतेकदा ती टाकीच्या झाकणाच्या रिंगमध्ये, फिलर पाइपच्या गंजलेल्या गळ्याशी किंवा फ्युएल पंपाच्या वरच्या सीलवर सापडते. कोकणपट्टीतल्या खाऱ्या हवेत फिलर पाइपचा गळा सगळ्यात आधी तपासा.

काम झाल्यावर स्कॅनरने कोड आणि शिकलेले ट्रिम पुसून वीस-तीस मिनिटं गाडी चालवा. जुना व्हॉल्व्ह मागून घ्या, कागदावर आपटून बघायला तो लागतोच. खरी परीक्षा पुढच्या फुल टाकीला आहे. पहिल्या टक् ला थांबून गाडी पंपाच्या बाहेर बाजूला लावा, दहा मिनिटं इंजिन बंद ठेवा आणि सेल्फ मारा. एका फिरकीत इंजिन लागलं आणि आरपीएम जागेवर राहिला तर बिल चुकतं करा. घुटमळलं तर गॅरेजला परत न्या आणि नळीतली काळी पूड कोणी साफ केली होती का, ते विचारा.